जंतू मरतो, तरी रुग्ण का दगावतो? मेनिंजायटिसवरच्या प्रतिजैविक संशोधनाचा आढावा

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ पडद्यांचं आवरण असतं. त्या आवरणाला जंतुसंसर्ग होऊन सूज आली की त्याला मेनिंजायटिस म्हणतात. ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, मान ताठरणं, मग गुंगी, अशा क्रमाने आजार वाढत जातो आणि कधीकधी एका दिवसात होत्याचं नव्हतं होतं. मराठीत आपण याला सरसकट मेंदूज्वर म्हणतो. पण तोच शब्द जपानी एन्सेफलायटिससारख्या खुद्द मेंदूच्या दाहालाही लावला जातो, आणि दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत. विषाणूंमुळे होणारा मेनिंजायटिस बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, त्यावर प्रतिजैविकांचा काही उपयोग नसतो. या लेखाचा विषय जिवाणूंमुळे होणारा मेनिंजायटिस हा आहे. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब हे त्याचे तीन मुख्य कर्ते. नवजात बाळांमध्ये कर्ते वेगळे असतात. क्षयाच्या जंतूचा मेनिंजायटिस हे तर स्वतंत्रच प्रकरण आहे, त्याकडे पुढे येऊ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात मेनिंजायटिसचे सुमारे २५ लाख रुग्ण झाले, त्यांतले १६ लाख जिवाणूजन्य होते, आणि सुमारे २ लाख ४० हजार माणसं दगावली. जिवाणूजन्य मेनिंजायटिस झालेल्या दर सहांपैकी एक जण जातो. वाचलेल्या दर पाचांपैकी एकाला बहिरेपणा, फिट्स किंवा अपंगत्व यांसारखं काहीतरी कायमचं चिकटतं. या जंतूंना मारणारी औषधं जवळजवळ नव्वद वर्षं आपल्या हातात आहेत. योग्य औषध शिरेतून गेलं की मेनिंगोकोकस दोन तासांत आणि न्यूमोकोकसही बहुधा काही तासांत पाठीच्या, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या, पाण्यातून नाहीसा होतो. तरीही हे आकडे असे का? गेल्या काही दशकांतलं या क्षेत्रातलं बहुतेक संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरत आलं आहे.

घोड्याच्या रक्तापासून पेनिसिलिनपर्यंत

१८०५ साली जिनिव्हात गास्पार व्हियस्यू या डॉक्टरने या आजाराच्या साथीचं पहिलं नीट वर्णन केलं. १८८७ मध्ये व्हिएन्नात आंटोन वाइक्सेलबाउमने मेनिंगोकोकस ओळखला. १८९१ मध्ये हाइनरिश क्विंके याने कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून पाणी काढण्याची पद्धत रूढ केली. निदान आता हातात आलं होतं, उपचार मात्र नव्हता. साथीत सापडलेल्या दहांपैकी सात-आठ रुग्ण जात.

पहिला खरा फरक पडला तो प्रतिजैविकांच्याही आधी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सायमन फ्लेक्सनरने घोड्यांना मेनिंगोकोकस टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिद्रव्यांचा सीरम तयार केला आणि तो रुग्णांच्या कमरेतून थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात दिला. १९१३ साली त्याने सुमारे १,३०० रुग्णांचा ताळेबंद मांडला, त्यात मृत्युदर ३१ टक्क्यांच्या आसपास आला होता. या उपचारात एक गृहीतक दडलेलं होतं: आजार मेंदूभोवती आहे, तर औषधही तिथेच सोडलं पाहिजे. हे गृहीतक पुढे बरीच वर्षं टिकलं.

१९३७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी मेनिंगोकोकसच्या ११ रुग्णांना सल्फानिलामाइड दिलं आणि त्यांतला एकच दगावला. सीरमचे दिवस भरले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंगच्या ओळखीतला एक माणूस स्ट्रेप्टोकोकसच्या मेनिंजायटिसने मरणाच्या दारात होता. फ्लेमिंगने ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरीकडून त्यांच्याजवळचं पेनिसिलिन मागून घेतलं. इंजेक्शनने पाठीच्या पाण्यात औषध पुरेसं उतरत नाही हे दिसल्यावर त्याने ते थेट कमरेतून दिलं. माणूस उठून घरी गेला. पेनिसिलिनच्या मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनासाठी सरकारदरबारी हालचाल सुरू होण्यात या एका रुग्णाचा मोठा वाटा मानला जातो.

कमी जवान असलेली चौकी

औषधं आली तरी ती नेमकी कशी वापरायची हे शिकायला पुढची तीस-चाळीस वर्षं लागली. या काळातल्या दोन अभ्यासांपाशी मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण त्यांनी या क्षेत्राची समज घडवली.

पाठीच्या पाण्यात, म्हणजे डॉक्टर ज्याला सीएसएफ म्हणतात त्यात, शरीराचं संरक्षण फार दुबळं असतं. रक्तात जंतूंना घेरणारी प्रतिद्रव्यं आणि त्यांना साथ देणारी प्रथिनं इथे नावापुरती असतात. पांढऱ्या पेशी धावून येतात, पण त्यांना जंतू पकडता येत नाही. म्हणून इथे जंतूची वाढ नुसती रोखणारं औषध पुरत नाही, जंतूला ठार करणारंच औषध लागतं. हे १९५१ साली मार्क लेपर आणि हॅरी डाउलिंग यांच्या अभ्यासातून फार क्लेशकारक रीतीने कळलं. न्यूमोकोकसच्या ज्या रुग्णांना एकटं पेनिसिलिन दिलं त्यांतले सुमारे ३० टक्के दगावले. ज्या १४ जणांना पेनिसिलिनबरोबर ऑरिओमायसिनही दिलं त्यांतले ११ गेले. पेनिसिलिन वाढणाऱ्या जंतूलाच मारतं आणि ऑरिओमायसिन वाढच थांबवतं, तेव्हा एकाने दुसऱ्याचे हात बांधून ठेवले. एकापेक्षा दोन औषधं बरी, हा आपला सहज समज इथे उलटा पडला.

दुसरा अभ्यास १९८० सालचा, जॉर्ज मॅक्रॅकन यांच्या गटाचा. नवजात बाळांच्या मेनिंजायटिसमध्ये जेंटामायसिन शिरेतून दिलं तर मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. मग ते थेट मेंदूतल्या पोकळीत द्यावं, असा तर्क होता. फ्लेक्सनरचंच जुनं गृहीतक. चाचणी लवकर थांबवावी लागली, कारण पोकळीत औषध दिलेल्या बाळांत मृत्युदर सुमारे ४३ टक्के होता आणि न दिलेल्यांत १२.५. औषध जवळ नेल्याने जंतू एकदम फुटले आणि त्यांच्या अवशेषांनी दाह भडकला, असं स्पष्टीकरण पुढे मिळालं. जंतू मारण्याच्या घाईनेही माणूस मरू शकतो, ही शंका इथे पहिल्यांदा पक्की झाली. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे.

कोणतं औषध?

या प्रश्नावर आज सर्वांत कमी वाद आहे. साठच्या दशकात ॲम्पिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल होतं. १९७४ च्या सुमारास हिबचे काही प्रकार ॲम्पिसिलिनला दाद देईनासे झाले. ऐंशीच्या दशकात सेफोटॅक्सिम आणि सेफ्ट्रियाक्सोन आली, सीएसएफमध्ये चांगली उतरणारी, सुरक्षित आणि तिन्ही मुख्य जंतूंवर मारा करणारी. सेफ्ट्रियाक्सोन दिवसातून एकदा किंवा दोनदा देता येतं, त्यामुळे जगभर ते पहिल्या पसंतीचं ठरलं. पन्नाशीपुढच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांत लिस्टेरियाच्या भीतीने ॲम्पिसिलिन जोडतात. नव्वदच्या दशकात पेनिसिलिनला आणि काही प्रमाणात सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणारे न्यूमोकोकस वाढले, तेव्हा अनेक देशांत सुरुवातीपासूनच व्हॅन्कोमायसिन जोडण्याची पद्धत पडली.

मतभेद आहे तो इथे. व्हॅन्कोमायसिन सगळ्यांनाच द्यावं, की त्या प्रदेशातल्या न्यूमोकोकसची सवय पाहून? एक बाजू म्हणते, चुकीचं औषध देऊन प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहण्याइतका वेळ या आजारात नसतो. दुसरी बाजू म्हणते, सरसकट वापराने मूत्रपिंडावर ताण येतो आणि दुसऱ्या जंतूंत प्रतिकार वाढतो, शिवाय व्हॅन्कोमायसिन सीएसएफमध्ये तसं कमीच उतरतं. दोन्ही बाजूंना स्थानिक आकडे लागतात. ते ज्या देशांत नियमित गोळा होतात तिथे हा वाद सुटतो. जिथे होत नाहीत तिथे डॉक्टर अंदाजाने चालतात. भारतात पेनिसिलिनला न जुमानणारे न्यूमोकोकस वाढत असल्याचं अनेक केंद्रांनी नोंदवलं आहे. २००५ साली दिल्लीत मेनिंगोकोकसची साथ आली, तेव्हाचे जंतू सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद देत नव्हते. रुग्णाच्या घरातल्या माणसांना संसर्ग होऊ नये म्हणून जी एक गोळी देतात, ती हीच.

वेळेचा हिशेब

औषध किती लवकर द्यावं, या प्रश्नाचं उत्तर कुणीही 'ताबडतोब' असंच देईल. पुरावा मात्र वाटतो तितका सरळ नाही. अर्ध्या रुग्णांना मुद्दाम उशिरा औषध देऊन तुलना करणं कुणाच्याही विवेकाला पटणार नाही. त्यामुळे मागच्या नोंदी तपासूनच अंदाज करावा लागतो. कॅनडातल्या एका अभ्यासात सहा तासांपेक्षा जास्त उशीर झालेल्या प्रौढ रुग्णांत मृत्यूचा धोका आठ पटींहून अधिक निघाला. पण उशीर कुणाला होतो? ज्याची लक्षणं धड नव्हती, मान ताठ नव्हती, जो म्हातारा होता, त्याला. आणि अगदी लवकर औषध मिळतं ते दारातूनच कोसळत आलेल्याला. घड्याळाचा परिणाम आणि आजाराच्या रूपाचा परिणाम एकमेकांत गुंतलेले असतात.

याच गुंत्यात सीटी स्कॅनचा वाद येतो. मेंदूत दाब वाढलेला असताना कमरेतून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकण्याची भीती असते, म्हणून आधी स्कॅन करण्याचा रिवाज पडला. २००१ साली अमेरिकेतल्या ३०१ प्रौढ रुग्णांच्या अभ्यासातून दिसलं की कुणाला स्कॅनची खरी गरज आहे हे तपासणीतल्या खुणांवरूनच बऱ्यापैकी ठरवता येतं. स्वीडनने २००९ मध्ये आपले नियम बदलले. नुसती शुद्ध हरपलेली असेल तर स्कॅनसाठी थांबू नका, असं ठरलं. त्यानंतरच्या रुग्णांना औषध सरासरी सव्वा तास आधी मिळालं आणि मृत्युदर ११.७ वरून ६.९ टक्क्यांवर आला. टीकाकार म्हणतात की त्या काळात इतरही उपचार सुधारले होते, आणि ते खरंच आहे. तरी स्कॅनच्या रांगेत थांबायचं असेल तर आधी रक्ताचं कल्चर घेऊन औषध सुरू करा, यावर आता जवळजवळ सर्वांचं एकमत आहे.

आपल्याकडे पाणी काढण्याला आणखी एक अडथळा असतो. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, ही समजूत कित्येक घरांत इतकी घट्ट आहे की नातेवाईक सही करत नाहीत. रुग्ण आधी गावातल्या दवाखान्यातून दोन-तीन दिवसांची इंजेक्शनं घेऊन आलेला असतो, त्यामुळे पाणी काढलं तरी कल्चरमध्ये काही वाढत नाही. जंतूच्या जनुकांवरून निदान करणाऱ्या पीसीआर चाचण्यांनी ही कोंडी बरीच फोडली आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी त्या अजून हाताशी नसतात.

दाहावर पाणी

आता या क्षेत्रातला सर्वांत मोठा वाद, स्टेरॉइडचा.

ऐंशीच्या दशकात सशांवरच्या प्रयोगांतून चित्र स्पष्ट झालं. प्रतिजैविकाने न्यूमोकोकस फुटतो, त्याच्या कवचाचे तुकडे आणि विषं सीएसएफमध्ये पसरतात, शरीर त्यावर तुटून पडतं, आणि या रणधुमाळीत सूज, दाब, रक्तवाहिन्यांचा दाह आणि मेंदूच्या पेशींचा नाश होतो. तेव्हा प्रतिजैविकाच्या जरा आधी किंवा बरोबर डेक्सामेथासोन देऊन हा आगडोंब आवरता येईल का? १९८८ साली डॅलसमधल्या २०० मुलांवरच्या चाचण्यांनी होकार दिला: बहिरेपणा कमी झाला. तेव्हाचे बहुतेक रुग्ण हिबचे होते.

२००२ मध्ये यान द खान्स आणि डिडरिक व्हान द बेक यांनी नेदरलँड्ससह युरोपातल्या पाच देशांमधल्या ३०१ प्रौढांची चाचणी प्रसिद्ध केली. डेक्सामेथासोन मिळालेल्यांत ७ टक्के दगावले, न मिळालेल्यांत १५. न्यूमोकोकसच्या रुग्णांत फरक आणखी ठळक होता, १४ विरुद्ध ३४. बऱ्याच श्रीमंत देशांनी लगेच ही पद्धत स्वीकारली, आणि पुढच्या वर्षांत नेदरलँड्समध्ये न्यूमोकोकसच्या मेनिंजायटिसचा मृत्युदर ३० वरून २० टक्क्यांपर्यंत उतरल्याचं दिसलं.

त्याच वर्षी मलावीतून वेगळी बातमी आली. तिथल्या सुमारे ६०० मुलांत स्टेरॉइड दिलं काय आणि न दिलं काय, दोन्ही गटांत ३१ टक्के मुलं गेली. २००७ मध्ये त्याच देशातल्या ४६५ प्रौढांत मृत्युदर ५६ आणि ५३ टक्के निघाला, म्हणजे फरक नाही. हे आकडे वाचताना मन सुन्न होतं. युरोपातल्या चाचणीतल्या स्टेरॉइड न मिळालेल्या गटापेक्षाही इथले मृत्यू तिपटीहून जास्त होते, औषध तेच असताना.

का? एक गट म्हणतो, मलावीतले जवळजवळ नव्वद टक्के प्रौढ रुग्ण एचआयव्हीबाधित होते, त्यांची प्रतिकारशक्तीच मुळात ढासळलेली होती, तेव्हा दाह दाबून फारसं हाती लागणार नव्हतं. दुसरा म्हणतो, रुग्ण फार उशिरा पोहोचत होते, नुकसान आधीच झालेलं होतं. तिसरा अतिदक्षतेच्या सोयींकडे बोट दाखवतो. चौथा निदानाकडे. २००७ च्याच व्हिएतनामच्या चाचणीत ४३५ रुग्ण होते. त्यांत ज्यांचं जिवाणूजन्य निदान पक्कं झालं त्यांना स्टेरॉइडचा फायदा झाला, आणि ज्यांचं पक्कं झालं नाही त्यांत तो दिसला नाही. त्या दुसऱ्या गटात क्षयाचे रुग्ण मिसळले असावेत, असा संशय संशोधकांनीच मांडला. स्टेरॉइडच्या पाच चाचण्यांतल्या २,०२९ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१० मध्ये पाहिलं, तरी कोणत्या रुग्णाला हमखास फायदा होईल हे वेगळं काढता आलं नाही. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात २५ अभ्यासांतले ४,१२१ रुग्ण होते. बहिरेपणा कमी होतो, एकूण मृत्यूंतला फरक ठोस नाही, आणि फायदा श्रीमंत देशांपुरता दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२५ मध्ये मेनिंजायटिसवर पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. साथ नसलेल्या परिस्थितीत पहिल्या प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड सुरू करण्याकडे त्यांचा कल आहे. माझ्या मते हा निर्णय वाजवी आहे, कारण अपाय दिसलेला नाही आणि ऐकू येणं वाचण्याची शक्यता खरी आहे. पण भारतासारख्या मधल्या देशात, जिथे मोठ्या शहरातलं रुग्णालय युरोपच्या जवळ आणि आदिवासी पाड्यावरचा रुग्ण मलावीच्या जवळ असतो, तिथे कोणता आकडा लागू करायचा, याचं उत्तर देणारी मोठी चाचणी झालेली नाही.

दाह आणि दाब कमी करण्याचे इतर मार्ग मात्र बंद होत गेले. मलावीतल्या प्रौढांत ग्लिसरॉल दिलेल्या गटात मृत्यू वाढले. फ्रान्समधल्या चाचणीत शरीर थंड ठेवलेल्यांत ५१ टक्के दगावले, इतरांत ३१, आणि ती चाचणी मध्येच थांबवली गेली. जंतू न फोडता मारणारी औषधं, जसं रिफॅम्पिसिन किंवा डॅप्टोमायसिन, आधी देण्याची कल्पना सशांत चांगली ठरली आहे. माणसांत तिची मोठी कसोटी अजून बाकी आहे.

किती दिवस, किती सुया

उपचार किती दिवस द्यायचा, हा प्रश्न गरीब देशांतून पुढे आला. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात, ज्याला मेनिंजायटिसचा पट्टा म्हणतात, कोरड्या वाऱ्यांच्या मोसमात साथी येतात. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त रुग्ण आणि २५ हजार मृत्यू झाले. उघड्यावर चटईवर रुग्ण झोपलेले, नर्स एक, अशा स्थितीत दिवसातून चार वेळा सुई कोण देणार? तेलातल्या क्लोरॅम्फेनिकॉलचं एक-दोन इंजेक्शन हा तिथला अनेक वर्षांचा आधार होता. १९९१ मध्ये माली आणि नायजरमधल्या ५२८ रुग्णांत ते आठ दिवसांच्या ॲम्पिसिलिनइतकंच उपयोगी ठरलं. पुढे त्याचं उत्पादन आटत गेलं. २००३ च्या साथीत नायजरमध्ये सेफ्ट्रियाक्सोनच्या एकाच इंजेक्शनशी त्याची तुलना झाली. दोन्हींत उपचार अयशस्वी होण्याचं प्रमाण ९ टक्के निघालं. मेनिंगोकोकसपुरता प्रश्न त्याने सुटला.

मग मुलांचं काय? २०११ साली बांगलादेश, इजिप्त, मलावी, पाकिस्तान आणि व्हिएतनाम इथल्या हजारावर मुलांत, पाचव्या दिवशी प्रकृती स्थिर असलेल्यांना सेफ्ट्रियाक्सोन तिथेच थांबवणं आणि दहा दिवस चालवणं यांची तुलना झाली. फरक दिसला नाही. पाच दिवसांच्या गटात दोन मुलांचा आजार उलटला, त्यांतलं एक एचआयव्हीबाधित होतं. रुग्णालयात पाच दिवस कमी म्हणजे आईची पाच दिवसांची मजुरी वाचणं. तरीही बहुतेक वॉर्डांत दहा ते चौदा दिवसांची सवय मोडलेली नाही. नवजात बाळं, लिस्टेरिया आणि आतड्यातले ग्राम-ऋण जंतू यांच्यासाठी लांब उपचारच चालू आहेत, ते चाचणीच्या आधारावर कमी आणि अनुभवाच्या आधारावर जास्त.

याच पट्ट्यात संशोधनाच्या नैतिकतेचा एक न मिटलेला प्रश्नही उभा राहिला. १९९६ च्या साथीत नायजेरियातल्या कानो शहरात एका अमेरिकी औषध कंपनीने २०० मुलांवर ट्रोव्हाफ्लॉक्सॅसिन या नव्या औषधाची सेफ्ट्रियाक्सोनशी तुलना केली. नव्या औषधाच्या गटातली पाच आणि दुसऱ्या गटातली सहा मुलं दगावली. पालकांची नीट संमती घेतली नव्हती आणि सेफ्ट्रियाक्सोनचा डोस कमी ठेवला होता, असा आक्षेप होता. संमती तोंडी घेतली आणि औषधाने जीव वाचवले, अशी कंपनीची बाजू होती. २००९ मध्ये कानो राज्याशी तडजोड झाली. साथीच्या धामधुमीत संशोधन करूच नये, असं काही म्हणतात. त्याशिवाय साथीतले रुग्ण कसे वाचवायचे हे कळणारच नाही, असं इतर म्हणतात. नायजरची चाचणी हे या दुसऱ्या बाजूचं चांगलं उदाहरण आहे.

त्या पट्ट्याचं चित्र शेवटी पालटलं ते लसीने, आणि तिचा धागा थेट पुण्याशी जोडलेला आहे. तिथल्या सीरम इन्स्टिट्यूटने पाथ ही आरोग्य संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रकल्पातून मेनिंगोकोकस 'ए' गटाविरुद्धची मेनआफ्रिव्हॅक ही स्वस्त लस बनवली. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये ती सुरू झाली, आणि 'ए' गटाच्या साथी जवळजवळ थांबल्या. मग 'सी', 'डब्ल्यू' आणि 'एक्स' गट पुढे आले. त्यांना धरून पाच गटांवरची लस त्याच संस्थेने केली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती वापरायला घेतली. भारतात हिबची लस २०११ च्या अखेरीस केरळ आणि तमिळनाडूपासून, तर न्यूमोकोकसची २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली. २०२१ पासून न्यूमोकोकसची लस देशभर दिली जाते. लसींमुळे प्रतिजैविकांच्या संशोधकांपुढे एक चमत्कारिक अडचण आली आहे. रुग्ण कमी झाले, जंतूंचे प्रकार बदलले, आणि नव्या चाचण्यांसाठी पुरेसे रुग्ण जमवणं कठीण झालं.

क्षयाचा मेनिंजायटिस

आपल्या वॉर्डांत आठवडाभर अंगावर काढलेला ताप आणि हळूहळू वाढत गेलेली गुंगी दिसली की डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा क्षय येतो. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध येण्याआधी हा आजार म्हणजे मृत्यूच. आजही चांगल्या केंद्रांत चार-पाचांतला एक तरी जातो, एचआयव्ही असेल तर त्याहून बरेच. २००४ मध्ये गाय थ्वेट्स यांच्या गटाने व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू ४१.३ वरून ३१.८ टक्क्यांवर आणले, अपंगत्व मात्र कमी झालं नाही. एचआयव्हीबाधितांत तोच फायदा २०२३ च्या चाचणीत दिसला नाही.

औषधाच्या बाजूने प्रश्न रिफॅम्पिसिनचा आहे. ते सीएसएफमध्ये फार कमी उतरतं. २०१३ मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगमधल्या ६० रुग्णांत ते शिरेतून जास्त मात्रेत दिल्यावर मृत्यू ६५ वरून ३५ टक्क्यांवर आले आणि मोठी आशा पालवली. २०१६ मध्ये ८१७ रुग्णांच्या चाचणीत वाढवलेलं रिफॅम्पिसिन आणि लेव्होफ्लॉक्सॅसिन देऊन फरक पडला नाही. मात्रा पुरेशी वाढवली नव्हती, असं एक मत. जंतू मारण्याच्या वेगावर मृत्यू अवलंबून नाहीच, दाहावर आहे, असं दुसरं. फिरून तोच प्रश्न. मुलांसाठी बारा महिन्यांऐवजी सहा महिन्यांचा तीव्र उपचार पुरेल का, याची चाचणी भारतासह पाच देशांत हाती घेतली गेली आहे.

मोजलं न गेलेलं

नवजात बाळांचा कोपरा सर्वांत अंधारा आहे. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांच्या २०१६ च्या अभ्यासात बाळांच्या रक्तातल्या असिनेटोबॅक्टरचे बहुसंख्य प्रकार अनेक औषधांना न जुमानणारे निघाले. तेच जंतू आवरणात उतरले की मेरोपेनेम आणि कोलिस्टिनपर्यंत जावं लागतं, आणि कोलिस्टिन सीएसएफमध्ये नीट उतरत नाही. मॅक्रॅकनच्या चाचणीने चाळीस वर्षांपूर्वी बंद केलेलं दार, म्हणजे औषध थेट पोकळीत देणं, आता नाइलाजाने पुन्हा उघडलं जात आहे. त्यावर चाचण्या जवळजवळ नाहीत.

चाचण्यांनी काय मोजलं हाही एक प्रश्न आहे. मृत्यू मोजला, जंतू गेला का ते मोजलं, बऱ्याच वेळा बहिरेपणा मोजला. पाच दिवसांच्या उपचाराने बरं झालेलं मूल तिसरीत गेल्यावर वाचू शकतं का, हे कुठल्याच चाचणीने पाहिलेलं नाही, कारण पाठपुरावा बहुधा सहा महिन्यांत संपतो. बहिरेपणाचं तर घड्याळही वेगळं चालतं. न्यूमोकोकसच्या दाहानंतर आतल्या कानातला शंख काही आठवड्यांतच हाडासारखा घट्ट होऊ लागतो, आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट बसवणं अवघड होतं. म्हणून घरी सोडण्याआधी, निदान चार आठवड्यांच्या आत, प्रत्येक मुलाचं ऐकणं तपासावं असं आता सांगितलं जातं. आपल्या कित्येक जिल्हा रुग्णालयांत डिस्चार्ज कार्डावर प्रतिजैविकाचं नाव, मात्रा आणि दिवस लिहिलेले असतात. कानाच्या तपासणीसाठी त्या कार्डावर रकाना नसतो.